वासरू, विवर आणि वेगाचा वर्ग

एक साधा प्रश्न विचारतो. एक मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली आहे. चालकाने तिचा वेग ताशी ६० किलोमीटर केला. आता ब्रेक दाबल्यावर ती थांबायला पूर्वीच्या किती पट अंतर लागेल?

“दुप्पट!” असे म्हणून वर्गातील निम्मे हात वर होतात. हे उत्तर चूक आहे. परीक्षेत ही चूक एका गुणाची असते. रस्त्यावर ती जिवावर बेतते. आणि गंमत अशी की, वेगाचा हा हिशेब लक्षात न घेतल्यामुळे अमेरिकेतील एक थोर भूवैज्ञानिक आणि एक हुशार खाण-अभियंता या दोघांचीही फसगत झाली. ती कशी, हे समजून घेण्यासाठी आपण सहलीला निघू या. सहल आहे लोणारच्या सरोवराची.

रस्त्यातले वासरू

एका डिसेंबर महिन्यात आम्ही सहा जण छत्रपती संभाजीनगरहून लोणारला निघालो. नववीतली मेधा, सहावीतला अमोल, त्यांची आई, मामा, मामी आणि मी. गाडी मामा चालवीत होते. टपावर तंबू, सतरंज्या आणि भांडीकुंडी बांधलेली होती. जालना मागे पडले. जिजाबाईंचे जन्मगाव सिंदखेड राजा येथे थांबून आम्ही पुढे निघालो. दोन्ही बाजूंना तुरीची आणि कापसाची शेते होती आणि रस्ता मोकळा होता.

“मामा, रस्ता रिकामा आहे, नव्वदने घ्या ना!” अमोल मागून म्हणाला.

“अरे, लोणार कुठे पळून जात नाही,” मामा म्हणाले. काटा साठावरच राहिला.

दहा मिनिटेही झाली नसतील. तुरीच्या शेतातून एक वासरू उधळत रस्त्यावर आले आणि मधोमध उभे राहिले. मामांनी ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे झुकलो, सीटच्या पट्ट्यांनी आम्हांला धरून ठेवले. गाडी वासराच्या सात-आठ मीटर अलीकडे थांबली. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ते शेपूट उंचावून परत शेतात पळाले.

गाडीत कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने मेधा म्हणाली, “बाबा, आपण नव्वदने असतो तर?”

चला, हिशेब मांडू.

थांबायला किती अंतर?

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले टायर असलेल्या मोटारीचा वेग ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे धरू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे ८.३ मीटर प्रतिसेकंद. हा वेग शून्यावर यायला सुमारे १.२ सेकंद लागतात. या काळात गाडीचा सरासरी वेग मूळ वेगाच्या निम्मा, म्हणजे ४.२ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणून गाडी सुमारे ५ मीटर पुढे जाऊन थांबते.

आता वेग दुप्पट करा. थांबायला वेळ दुप्पट लागेल, म्हणजे २.४ सेकंद. पण या काळातील सरासरी वेगही दुप्पट झालेला आहे! वेळ दुप्पट आणि सरासरी वेग दुप्पट, म्हणून अंतर चौपट, म्हणजेच २० मीटर. वेग तिप्पट केला, म्हणजे ताशी ९० किलोमीटर केला, तर अंतर नऊपट होईल, म्हणजे सुमारे ४५ मीटर. अंतर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

यात आणखी एक भर घालायला हवी. वासरू डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने धावतच असते. साठच्या वेगाने ती १७ मीटर जाते, नव्वदच्या वेगाने २५ मीटर. म्हणजे थांबेपर्यंतचे एकूण अंतर असे:

ताशी ३० किलोमीटर: ८ + ५ = १३ मीटर
ताशी ६० किलोमीटर: १७ + २० = ३७ मीटर
ताशी ९० किलोमीटर: २५ + ४५ = ७० मीटर

आमचे वासरू सुमारे ४५ मीटरांवर होते. साठचा वेग होता म्हणून आम्ही ३७ मीटरांत थांबलो आणि सात-आठ मीटर शिल्लक राहिले. नव्वदचा वेग असता तर? पहिले २५ मीटर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपले असते. उरलेल्या २० मीटरांत वेग कमी झाला असता, पण किती? गणित करून पाहा: वासरापाशी पोहोचताना गाडीचा वेग ताशी सुमारे ६७ किलोमीटर असता. नीट लक्षात घ्या. ज्या जागी साठवाली गाडी केव्हाच उभी राहिली आहे, त्याच जागी नव्वदवाली गाडी, ब्रेक लागलेला असूनही, साठापेक्षा अधिक वेगाने धडकते!

अमोलने हा आकडा दोनदा विचारला आणि मग खिडकीबाहेर पाहत बसला.

आठ कप चहाची ऊर्जा

गाडी थांबली, तेव्हा तिची गती कुठे गेली? गतिमान वस्तूत जी कार्य करण्याची क्षमता असते, तिला आपण गतिज ऊर्जा म्हणतो. तिचे सूत्र तुम्हांला पाठ आहे:

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (वेग)²

सूत्रात वेगाचा वर्ग का आहे, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल. ब्रेकचे बल तेच असले, तर चौपट अंतरात चौपट कार्य होते. म्हणजे काढून टाकायची ऊर्जाच चौपट होती.

माणसे आणि सामान धरून आमच्या गाडीचे वस्तुमान १,८०० किलोग्रॅम मानू. ताशी ६० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा येते सुमारे २,५०,००० ज्यूल. ही सारी ऊर्जा अडीच सेकंदांच्या आत उष्णता बनून ब्रेकच्या तबकड्यांत, टायरांत आणि रस्त्यात गेली. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे साडेआठशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे घरातल्या मापाने आठ कप चहाचे आधण!

एक किलोग्रॅमच्या वाट्याला किती ऊर्जा आली? २,५०,००० भागिले १,८००, म्हणजे जवळजवळ १४० ज्यूल. हा आकडा जपून ठेवा. लोणारच्या काठावर तो आपल्याला लागणार आहे.

काठावरचा प्रश्न

दुपारी आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला पोहोचलो आणि विवराच्या काठावर गेलो. समोर एक प्रचंड गोल वाडगा दिसला. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठापासून तळ्याच्या पातळीपर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर. उतारांवर दाट झाडी, तळाशी खाऱ्या पाण्याचे हिरवट सरोवर आणि त्याच्या कडेने जुनी देवळे. भोवतालचा प्रदेश सपाट आहे, पण विवराचा काठ मात्र त्याहून वीस-तीस मीटर उचललेला आहे. जणू कोणी आतून जमीन उलथून बाहेर दुमडली आहे.

लवणासुराला विष्णूने इथे मारले, अशी पुराणकथा आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर तिचीच आठवण सांगते. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे बराच काळ पुष्कळ जाणकार त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत. ते स्वाभाविकच होते. दख्खनचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्यापासूनच बनलेला आहे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्या मानाने अगदी अलीकडचे. त्याच्या वयाबद्दल मतभेद आहेत. १९९७ साली एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ साली दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षे. यांतले कोणतेही धरले, तरी हा लाव्हा तेव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली होती.

“म्हणजे आकाशातून मोठा दगड पडला,” अमोल म्हणाला. “मग बाबा, तो दगड कुठे आहे?”

त्याने घरून लोहचुंबक आणला होता. खाली तळ्याच्या काठच्या वाळूवरून त्याने तो फिरवला, तर त्याला काळे कण चिकटले. “सापडला!” तो ओरडला. मला त्याचा हिरमोड करावा लागला. बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट नावाचे चुंबकीय खनिज असते. डोंगरातल्या कुठल्याही ओढ्याच्या वाळूवर चुंबक फिरवला, तरी असे कण मिळतात. तो काही आकाशातल्या दगडाचा पुरावा नव्हे. अमोलने कण झटकून परत वाळूत टाकले. इथला खडाही घरी नेऊ नये. हे अभयारण्य आहे.

पण त्याचा प्रश्न मात्र मोलाचा होता. नेमक्या याच प्रश्नावर मोठमोठी माणसे अडली होती.

ॲरिझोनातला शोध

लोणारसारखेच एक गोल विवर अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. त्याच्या भोवती लोखंडी अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या पाषाणांचे, तुकडे विखुरलेले सापडत. १८९१ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे नामवंत भूवैज्ञानिक तिथे गेले. त्यांनी विचार केला: लोखंडाचा प्रचंड गोळा जमिनीत घुसला असेल, तर तो खाली असला पाहिजे आणि चुंबकसूचीला तो कळला पाहिजे. शिवाय, गोळ्याने जागा अडवली असेल, तर काठावर उडालेली माती खड्ड्यात मावणार नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी मोजल्या. सूची हलली नाही, आणि काठावरची माती खड्ड्याएवढीच भरली. तेव्हा गोळा नाही. हे विवर भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात त्यांनी आपल्या लोणारचाही उल्लेख केला आहे.

डॅनियल बॅरिंजर या खाण-अभियंत्याला हे पटले नाही. विवर अशनीनेच झाले, असे त्याचे ठाम मत होते, आणि ते बरोबर होते. पण एवढे मोठे विवर म्हणजे लोखंडाचा साठाही तसाच अफाट असणार, असे समजून त्याने १९०३ पासून तिथे खोदकाम चालवले. वर्षांमागून वर्षे गेली, पैसा गेला, गोळा मिळाला नाही. १९२९ साली फॉरेस्ट रे मूल्टन या खगोलशास्त्रज्ञाने ऊर्जेचा हिशेब मांडून दाखवले की, अशनी बॅरिंजरच्या समजुतीपेक्षा फारच लहान असला पाहिजे आणि त्याचा बहुतेक भाग आघाताच्या क्षणीच वाफ होऊन गेला असला पाहिजे. त्याच वर्षअखेरीस बॅरिंजर हृदयविकाराने वारला.

एकाला दगड सापडला नाही, म्हणून तो म्हणाला अशनी पडलाच नाही. दुसऱ्याला अशनीची खात्री होती, म्हणून तो दगड शोधत राहिला. दोघांच्याही मनात एकच चित्र होते: चिखलात धोंडा टाकावा तसा दगड पडतो आणि रुतून बसतो. वेगाचा वर्ग या चित्रात नव्हता.

आता आपला आकडा काढा

मघाचे १४० ज्यूल आठवतात ना? ताशी ६० किलोमीटर म्हणजे १६.७ मीटर प्रतिसेकंद. पृथ्वीवर आदळणाऱ्या मोठ्या अशनीचा वेग आपण सेकंदाला २० किलोमीटर धरू. हा वेग आमच्या मोटारीच्या १,२०० पट झाला. मग दर किलोग्रॅममागे ऊर्जा किती पट? १,२०० चा वर्ग, म्हणजे १४ लाख ४० हजार पट! १४० ज्यूलचे होतात सुमारे २० कोटी ज्यूल.

याची तुलना करू. एक किलोग्रॅम टीएनटी या स्फोटक द्रव्यातून सुमारे ४२ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणारा साधा दगड, त्यात कोणतेही स्फोटक नसताना, स्वतःच्या वजनाच्या अठ्ठेचाळीसपट टीएनटीएवढी ऊर्जा घेऊन येतो. आणि एक किलोग्रॅम खडकाची वाफ करायला ढोबळ मानाने एक कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. अशनीपाशी याच्या वीसपट ऊर्जा आहे. ती सगळी त्याच्याच वाट्याला येत नाही. पुष्कळशी जमीन फोडण्यात आणि उडवण्यात जाते. तरीही त्याची वाफ व्हायला उरते ती पुरेशी असते.

ही ऊर्जा किती वेळात सुटते? समजा, अशनीचा व्यास ६० मीटर होता. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने स्वतःच्या लांबीएवढे अंतर काटायला त्याला ३ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत हा धोंडा अडवला जातो. याला पडणे म्हणता येत नाही. हा स्फोटच होय. स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी पसरते. म्हणून अशनी तिरका आला, तरी विवर गोलच होते. फारच तिरपा, जमिनीला जवळजवळ घासत आला, तरच ते लांबट होते. लोणार वर्तुळाकार का, याचे उत्तर हे असे आहे.

तुम्ही विचाराल, मग संग्रहालयात अख्खे अशनी कसे ठेवलेले असतात? ते लहान दगड असतात. हवेच्या विरोधाने त्यांचा मूळ वेग वरच संपतो आणि शेवटी ते उंचावरून टाकलेल्या धोंड्यासारखे पडतात. फार मोठ्या धोंड्याला मात्र हवा फारशी अडवू शकत नाही.

मग दगड नसताना लोणार अशनीनेच झाले, हे कसे ठरले? १९७३ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी विवरात छिद्रे घेऊन काढलेले खडक तपासले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. ही एक काच आहे. बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक लाखो वातावरणांचा दाब क्षणभर बसून मोडले की ती बनते. ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाचा आघातच देऊ शकतो. दगड गेला, पण त्याचा वेग खडकावर आपली सही करून गेला.

तंबूबाहेरची रात्र

विवरात मुक्काम करणे योग्य नव्हे. गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून आम्ही त्याच्या शेतात तंबू ठोकला. तीन दगडांच्या चुलीवर मामींनी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. ती १३ डिसेंबरची रात्र होती. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. थंडी मी म्हणत होती, तरी आम्ही पांघरुणे घेऊन बाहेरच बसलो.

“ती पाहा!” मेधा ओरडली. एक लखलखीत रेघ पूर्वेकडून माथ्यावरून सरकली आणि विझली.

“केवढा दगड असेल?” मामांनी विचारले.

बहुधा वाळूच्या कणाएवढा, नाही तर वाटाण्याएवढा. या उल्कांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर असतो. एक ग्रॅमचा खडा असेल, तर त्याची गतिज ऊर्जा किती? मेधाने बॅटरीच्या उजेडात पाठीमागच्या कागदावर आकडेमोड केली आणि पुन्हा तपासली. सुमारे ६ लाख ज्यूल. एक ग्रॅमचा खडा, आणि ऊर्जा आमच्या सहा माणसांच्या, सामानाने भरलेल्या मोटारीच्या जवळजवळ अडीचपट!

अमोल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, सकाळी आपण साठनेच जाऊ या.”

“आणि गाव आले की तीसने,” मामा म्हणाले.

करून पाहा

एका परातीत तीन-चार सेंटिमीटर जाडीचा पिठाचा किंवा बारीक कोरड्या वाळूचा थर पसरा. एक गोटी २५ सेंटिमीटर उंचीवरून सोडा आणि खड्ड्याचा व्यास मोजा. मग तीच गोटी १ मीटर उंचीवरून सोडा. उंची चौपट केल्यावर गोटीचा वेग दुप्पट होतो आणि ऊर्जा चौपट. खड्डा किती पट रुंद होतो? गोटी तिरकी मारूनही पाहा. प्रत्येक वेळी गोटी खड्ड्यातच सापडेल. तुमच्या गोटीचा वेग सेकंदाला चार-पाच मीटरच असतो. गिल्बर्ट आणि बॅरिंजर यांच्या मनात होते ते हेच चित्र.

सोडवा

१. वर सांगितलेल्या ६० मीटर व्यासाच्या अशनीची घनता दर घनमीटरला ३,००० किलोग्रॅम धरून त्याचे वस्तुमान आणि सेकंदाला २० किलोमीटर वेगाची गतिज ऊर्जा काढा. ती किती टन टीएनटीएवढी होते? (उत्तर: सुमारे १ कोटी ६० लाख टन, हिरोशिमावर १९४५ साली टाकलेल्या बाँबच्या सुमारे हजारपट.)

२. दगडाची गतिज ऊर्जा त्याच्याच वजनाच्या टीएनटीएवढी व्हायला त्याचा वेग किती हवा? (उत्तर: सेकंदाला सुमारे २.९ किलोमीटर.)

३. पावसाने रस्ता ओला झाला आणि वेग कमी होण्याचा दर ७ वरून ३.५ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद झाला. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी वासरू दिसल्यापासून किती मीटरांत थांबेल? आमचे वासरू वाचले असते का? (उत्तर: सुमारे ५७ मीटर. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्या, आणि घरात जो कोणी गाडी चालवतो त्यालाही सांगा.)